सहाशे रुपयांची निळी डबी: पिकअप गेलेल्या गाडीसाठी कितपत कामाची?

"गाडी पिकअपच नाही घेऊन राहिली, भाऊ." तालुक्याच्या गॅरेजात या तक्रारीवर इलाज ठरलेला आहे. आधी एअर फिल्टर, मग प्लग, मग इंजेक्टर क्लीनिंग, आणि तरीही नाही भागलं तर "सेन्सर गेला असंल, जिल्ह्याला नेऊन कम्प्युटर लावा". आर्णी, धारणी किंवा कोरपन्याहून जिल्ह्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो, तेल जळतं, आणि बऱ्याचदा वर्कशॉपच्या दारात पोचेपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालायला लागते. ऑनलाइन ४०० ते ७०० रुपयांत मिळणारा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कम्प्युटरमधले दोषांचे कोड आणि सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवणारी काडेपेटीएवढी ती निळी किंवा काळी डबी, ही खेप वाचवतो का?

वाचवतो. पण नुसता कोड वाचून पार्ट बदलणाऱ्याच्या हातात तो खेप वाढवतो. या डबीची खरी किंमत कोडमध्ये नाही, चालू इंजिनच्या आकड्यांत आहे.

आधी खरेदीचं बघू. या डब्या ईएलएम ३२७ नावाच्या चिपच्या नकला आहेत. खोक्यावर "व्हर्जन १.५" किंवा "२.१" लिहिलेलं असतं, त्यात मोठा आकडा म्हणजे चांगला माल असं समजू नका. उलट २.१ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक नकलांत निम्म्या कमांड चालत नाहीत; के-लाइन, म्हणजे कम्प्युटरशी बोलायची जुनी संथ तार असलेल्या गाडीशी त्या जोडल्याच जात नाहीत. विक्रेत्याने पीआयसी १८एफ २५के८० ही चिप असल्याचं लिहिलं असेल ती डबी घ्या, शे-दीडशे जास्त गेले तरी चालतील. आयफोन असेल तर साधी ब्लूटूथ डबी उपयोगाची नाही, वायफाय किंवा ब्लूटूथ ४.० वाली लागते. आणि एक सावधगिरी: अगदी अशाच आकाराची, "लावा आणि ॲव्हरेज वाढवा" म्हणून विकली जाणारी हिरवी-पिवळी डबी वेगळी. तिच्यात लुकलुकणाऱ्या लाइटपलीकडे काही नसतं.

तुमच्या गाडीला ही डबी चालेल का, हे गाडीच्या जन्मसालावर ठरतं. बीएस-४ (बीएस म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा सरकारी नियम) गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे ही डबी वाचते ती ठरलेली पद्धत, एप्रिल २०१३ पासून लागू झाली, पण बीएस-४ देशभर लागू झालं ते एप्रिल २०१७ मध्ये. तोवर आपल्याकडे बीएस-३ गाड्याही विकल्या जात होत्या. त्या काळातल्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत १६ पिनांचं सॉकेट दिसतं, पण आतला ईसीएम, म्हणजे इंजिनचा कम्प्युटर, कंपनीची स्वतःची भाषा बोलतो आणि डबी "कनेक्ट होत नाही" एवढंच सांगते. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल गाड्यांना वाचण्यासारखं काहीच नाही. २०१७ नंतरच्या गाडीत सहसा अडचण येत नाही, एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ मध्ये तर नाहीच.

सॉकेट स्टिअरिंगखाली, बहुतेक गाड्यांत बॉनेट उघडायच्या खटक्याजवळ असतं. चावी बंद ठेवून डबी सरळ दाबून बसवा, मग चावी ऑन करा. मोबाइलच्या ब्लूटूथमध्ये पिन १२३४ किंवा ००००. मग टॉर्क किंवा कार स्कॅनर यापैकी कोणतंही ॲप उघडा आणि प्रोटोकॉल "ऑटो"वर राहू द्या. दोन्हींचं फुकट रूप सुरुवातीला पुरतं. काढताना डबीचं कवच ओढू नका. स्वस्त डबीत कवच हातात येतं आणि पिना सॉकेटमध्ये राहतात, म्हणून चिमटीत दोन्ही बाजूंनी धरून काढा.

पहिली तपासणी फुकटची आणि पाच मिनिटांची आहे. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी सेल्फ मारण्याआधी चावी ऑन करून तीन आकडे बघा. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं हवं, पाच अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर दोनातला एक सेन्सर खोटं बोलतोय. तिसरा आकडा मॅपचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधल्या दाबाचा. इंजिन बंद असताना मॅप सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. अकोला, अमरावती, वर्धा या ३०० मीटरच्या आसपासच्या भागात तो ९५ ते ९८ किलोपास्कल यायला हवा. चिखलदरा १,१०० मीटरवर आहे, तिथे हाच आकडा ८८-८९ वर येतो. पायथ्याच्या परतवाड्याला ९७ आणि वर घाटमाथ्यावरही ९७ च दाखवत असेल, तर सेन्सर अडकलेला आहे. उलट हा आकडा नीट उतरत असेल तर घाटात गाडी थोडी जड वाटणं हा दोष नाही. वर हवाच आठ-नऊ टक्के पातळ आहे.

आता एक गंमत. मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, ॲप कधी हवेचं तापमान उणे ४० दाखवतं. सियाचीनच्या वरताण! कारण साधं आहे: या सेन्सरची वायर तुटली की सर्किट उघडं पडतं आणि बऱ्याच गाड्यांचा ईसीएम त्याचा अर्थ उणे ४० असा लावतो. कोड येतो पी०११३, कूलंटच्या सेन्सरचा असेल तर पी०११८. दुकानदार हा कोड ऐकून लगेच नवीन सेन्सर काढून देईल. आधी वायर बघा. सोयाबीन घरात आल्यावर, पोत्यांच्या थप्पीजवळ किंवा कोठ्याच्या आडोशाला उभी राहणारी गाडी म्हणजे उंदरांचं उबदार घर. इंजिनवर कुरतडलेल्या नळीचा भुगा, लेंड्या, सोयाबीनची टरफलं दिसली तर सेन्सरचा दोष नाही. तुटलेली वायर सोलून पिळा, रांग्याने डाग द्या, वर आकसणारी नळी चढवा. नुसती टेप गुंडाळलेला जोड पहिल्या पावसात हिरवा पडतो आणि तोच कोड परत येतो.

आता मुख्य तक्रार, पिकअप. साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या, पेट्रोल गाडीसाठी सगळ्यात कामाची परीक्षा ही. मोकळा सरळ रस्ता, तिसरा गिअर, २,५०० आरपीएम, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि मोबाइल शेजारच्या माणसाच्या हातात. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. पूर्ण रेसवर मॅपचा आकडा बाहेरच्या दाबाच्या जवळ, म्हणजे ९७ असेल तर ९३-९५ पर्यंत चढला पाहिजे. तो ८५-८८ वर थांबला तर इंजिनला श्वासच मिळत नाही. काळ्या मातीच्या धुळीने गच्च झालेला एअर फिल्टर, फिल्टरच्या पेटीकडे जाणाऱ्या नळीत कुंभारीण माशीने केलेलं मातीचं घर, किंवा पूर्ण न उघडणारा थ्रॉटल (हवेची झडप), या क्रमाने बघा. गाडीच्या पुस्तकात फिल्टर बदलायचं जे अंतर दिलंय ते पांदण रस्त्याला लागू नाही. वेचणीपासून उन्हाळ्यापर्यंत शेतात जाणाऱ्या गाडीचा फिल्टर दर ५,००० किलोमीटरला तरी काढून बघा. आणि कॉम्प्रेसरची हवा मारायची असेल तर आतून बाहेर, लांबून. बाहेरून मारली तर धूळ कागदात रुतते.

मॅप ९४ वर गेला आणि तरी गाडी उचलत नाही? मग हवेचा प्रश्न मिटला. आता आरपीएम आणि वेग शेजारी-शेजारी ठेवा. एकाच गिअरमध्ये त्यांचं गुणोत्तर बदलू शकत नाही: तिसऱ्यात ३,००० आरपीएमला ६० चा वेग असेल तर २,००० ला ४० च हवा. चढावर रेस दिल्यावर आरपीएम ३,६०० वर उडी मारतो आणि वेग ६० वरच राहतो, तर क्लच प्लेट घसरते आहे. इंजिनचा काही संबंध नाही. क्लचच्या पायी इंजेक्टर साफ करून घेणारे आणि टाइमिंग चेन बदलून घेणारे गाडीमालक जिल्ह्या-जिल्ह्यात सापडतील. ही एक परीक्षा डबीची किंमत वसूल करते.

क्लच ठीक असेल तर फ्युएल ट्रिम बघा. इथे थोडा वेळ द्यायला हरकत नाही, कारण बहुतेक मिस्त्री हा आकडा उघडतच नाहीत. ईसीएम हवेच्या अंदाजाने पेट्रोल सोडतो, ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरमधून "कमी पडलं" किंवा "जास्त झालं" असं कळवतो, आणि ईसीएम किती टक्के वाढवलं-घटवलं तो आकडा म्हणजे ट्रिम. शॉर्ट टर्म क्षणाक्षणाला नाचतो; लाँग टर्म मुरलेला असतो, तो धरा. उणे पाच ते अधिक पाच ठीक. अधिक दहाच्या वर गेलं तर पेट्रोल कमी पडतंय, उणे दहाच्या खाली गेलं तर जास्त पडतंय.

अधिक कधी होतं, यावरून दोष कळतो. आयडलला ठीक, पण ३,००० आरपीएमला आणि चढावर अधिक १५-२० होत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा अपुरा आहे: टाकीतला फिल्टर तुंबलाय किंवा पंप दमलाय. आयडलला अधिक १५ आणि रेस दिल्यावर कमी होत असेल तर कुठून तरी चोरहवा शिरतेय. पण यात मेख आहे. हा दुसरा नियम एअर-फ्लो सेन्सरवाल्या, म्हणजे आत जाणारी हवा थेट मोजणाऱ्या, गाड्यांचा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्या मॅपवर चालतात. त्यांत चोरहवा शिरली तर ती मॅपच्या मोजणीत येते आणि ट्रिम फारसा हलत नाही, त्याऐवजी आयडल चढतो. गरम इंजिन, एसी बंद, आयडलवर मॅप २८ ते ४० मध्ये हवा. तो ५० च्या पुढे असेल तर ब्रेक बूस्टरची नळी, मॅनिफोल्डचं गॅस्केट, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत नेणारी) नळी तपासा. इंटरनेटवरच्या परदेशी व्हिडिओंत ट्रिमचा नियम सरसकट सांगतात, तो इथे तसाच लावला तर फसगत होते.

दुसरी मेख इथेनॉलची. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला एक भाग जाळायला १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे ई-१० गृहीत धरून बनलेल्या गाडीत ट्रिम आपोआप चार-पाच टक्के वर सरकतो. अशा गाडीत अधिक सात दिसलं म्हणून पंप बदलायला धावू नका. मात्र इथेनॉल पाणी शोषतं. पावसाळ्यात महिनाभर पाव टाकीवर उभ्या राहिलेल्या गाडीत, किंवा कॅनमध्ये साठवलेल्या पेट्रोलमध्ये, पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. गाडी सुरू होताच झटके मारते, ट्रिम वेडावाकडा होतो, कोड मात्र पी०३०० म्हणजे एकाहून जास्त सिलिंडरांच्या मिसिंगचा (नीट न पेटण्याचा) येतो. अशा वेळी प्लग-कॉइल बदलून काय होणार? बाटलीत थोडं पेट्रोल काढून दहा मिनिटं स्थिर ठेवा; खाली वेगळा थर दिसला की निदान झालं, टाकी रिकामी करा.

एकाच सिलिंडरची मिसिंग असेल तर काम सोपं. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, असंच पुढे. इंजिन थंड असताना पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावा (बहुतेक गाड्यांत एकेक १० मिमीचा बोल्ट), कोड पुसा, दहा किलोमीटर चालवा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेली. जागचा हलला नाही तर प्लगची अदलाबदल करून हीच परीक्षा, मग इंजेक्टरचं कनेक्शन, आणि शेवटी कॉम्प्रेशन गेज. गॅस किट असलेल्या गाडीत मिसिंग फक्त गॅसवर येत असेल तर संशय आधी प्लग-कॉइलवरच घ्या, कारण गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरदार लागते. या सगळ्यात पैसा लागत नाही, फक्त कोड येताच "कॉइल द्या" म्हणून दुकानात धावायचं नाही.

विदर्भात ही डबी कायमची गाडीत ठेवावी असं वाटायला लावणारा आकडा कूलंटचा आहे. कित्येक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो, आणि तो लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. हायवेवर ८५ ते ९५, एसी लावून उभ्या गाडीत ९५ ते १००, आणि त्याच सुमारास पंखा फिरायला हवा. १०५ च्या पुढे चढतच असेल तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर करा, बाजूला थांबा, आणि झाकणाला हात लावू नका. जिनिंगच्या आवारात किंवा कापसाच्या गाड्यांमागे चालणाऱ्या गाडीत एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत सरकीच्या तुसाची अक्षरशः गादी बसते. समोरून जाळी स्वच्छ दिसते, मधली फट कोणी बघत नाही. टॉर्च लावून वरून बघा. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर, कमी दाबाने मारा. प्रेशर पंपाने रेडिएटरचे पत्रे आडवे होतात.

आणि उलटा आजारही आहे. "विदर्भातल्या उन्हात काय कामाचा" म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून फेकणारे मिस्त्री अजून आहेत. मग डिसेंबरच्या सकाळी समृद्धीवर १०० च्या वेगाने चालूनही कूलंट ६५-७० वर रेंगाळतं, ईसीएमला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, तो पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतो, कोड येतो पी०१२८. मालक ऑक्सिजन सेन्सर बदलतो, दुखणं थर्मोस्टॅटचं असतं.

डिझेलवाल्यांनी दोनच आकडे बघावेत. पहिला रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला दाब: कॉमन रेल इंजिनला आयडलवर साधारण २५० ते ३५० बार, सेल्फ मारताना दीड-दोनशे बार तरी झाल्याशिवाय इंजिन पेट घेत नाही. ॲप हा आकडा किलोपास्कलमध्ये दाखवतं, तिथे दोन शून्यं काढा म्हणजे बार. चढावर दाब पडून पी००८७ आला तर आधी डिझेल फिल्टर आणि त्याखालचा पाण्याचा नट. ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये साठवलेलं डिझेल गाडीत घालणाऱ्यांनी हा नट महिन्याला सोडावा. हाय प्रेशर पंपावर शेवटी संशय घ्या, तो सगळ्यात महाग आहे. चालत्या इंजिनची रेलची नळी मात्र कधीही सैल करू नका, तो दाब कातडी फाडून आत शिरतो. दुसरा आकडा बूस्टचा, म्हणजे टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा: पूर्ण रेसवर मॅप २०० किलोपास्कलच्या आसपास जायला हवा. १२०-१३० वर अडकला, काळा धूर आणि शिट्टी आली, कोड पी०२९९, तर टर्बो नव्हे, इंटरकूलरचा रबरी पाइप आणि त्याची क्लिप बघा.

सेकंडहँड गाडी घ्यायला जाताना डबी खिशात ठेवा. "कोड पुसल्यापासूनचं अंतर" हा आकडा १२ किलोमीटर दिसला आणि मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच्या स्वतः करते त्या तपासण्या, "अपूर्ण" असतील, तर विकणाऱ्याने सकाळीच चेक लाइट घालवलाय.

उणिवाही सांगायला हव्यात. जुन्या के-लाइन गाडीत ही डबी सेकंदाला जेमतेम तीन-चार आकडे वाचते; एकावेळी तीनच निवडा, दहा लावले तर सगळे शिळे. व्होल्टेज दोन-तीन दशांश चुकीचं दाखवते, बॅटरीसाठी मल्टिमीटरच वापरा. एबीएस, एअरबॅग, इंजेक्टर कोडिंग, डीपीएफ (डिझेलच्या काजळीचा फिल्टर) जाळणं, एएमटीचं (आपोआप बदलणाऱ्या गिअरचं) क्लच लर्निंग यातलं काही होत नाही. त्यासाठी मोठा स्कॅनरच लागतो. कोड पुसण्याचं बटण फार सोपं केलंय, ही पण उणीवच. पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम या नोंदीचा स्क्रीनशॉट घ्या, कारण दोष आला तेव्हाचा वेग, लोड, तापमान त्यातच असतं आणि पुसलं की तेही जातं. शिवाय लावून ठेवली तर ती बॅटरी पिते. ४५ मिलिअँपिअर धरले तर दिवसाला एक अँपिअर-अवरपेक्षा जास्त, म्हणजे ३५ अँपिअर-अवरची बॅटरी पंधरा-सोळा दिवसांत निम्मी. लग्नसराईनंतर पंधरवडा उभी राहणारी गाडी सेल्फ घेईलच असं नाही.

डबी आली की परत करायची मुदत संपायच्या आत गाडी ठणठणीत असतानाच लावून बघा: ॲपमध्ये आरपीएम, मॅप, कूलंट आणि लाँग टर्म ट्रिम हे चारही आकडे अर्धा तास न तुटता आले पाहिजेत. मध्येच ब्लूटूथ सुटत असेल तर त्याच दिवशी परत करा. आकडे आले तर गरम आयडलचे आणि ३,००० आरपीएमचे एका चिठ्ठीवर लिहून ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढे कधी गाडी मिस्त्रीकडे गेली तर ती चिठ्ठी त्याला आधी दाखवा.